लॉगमध्ये सगळीकडे ‘रॅपर’: डेकोरेटर लावला की चांगलं फंक्शन का बिघडतं?

“ताई, कालपर्यंत चालत होतं की! मी फक्त वर एक ओळ लावली.”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात नवी मुलं कामाला लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे वाक्य हमखास कानावर येतं. ती ‘एक ओळ’ बहुतेक वेळा ॲट चिन्हाने सुरू होणारी असते, म्हणजे पायथनचा डेकोरेटर: एका फंक्शनला दुसऱ्यात गुंडाळणारी ओळ. फंक्शनच्या आत काहीच बदललेलं नसतं. तरी ते नन (पायथनचं ‘काहीच नाही’) परत देतं, नाहीतर भलतंच नाव सांगतं, नाहीतर फाइल लोड होताच आपोआप चालून मोकळं होतं. मुलं तासन् तास फंक्शनच्या आत चूक शोधत बसतात. चूक तिथे नसतेच.

आम्ही शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी वजन, हीट (भट्टीचा एकेक घाणा) आणि रिजेक्शनच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करतो, म्हणून खालची उदाहरणं वजनकाट्यावरची आणि शॉपफ्लोअरवरची आहेत. कोडबद्दल एक सूचना: इथे कीवर्ड, आकडे आणि लायब्ररीतली नावं उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा. तुम्ही स्वतः ठेवलेली फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खरोखर चालतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिकवताना मी ती मुद्दाम तशीच ठेवते. नाव वाचताक्षणी कळलं की अर्धी भीती जाते.

आधी ती ओळ उलगडून लिहा

ॲट चिन्हाची ही लेखनपद्धत पायथन २.४ मध्ये, २००४ साली आली. त्याआधी लोक फंक्शन लिहून झालं की त्याच्या खाली हाताने एक ओळ लिहायचे. आजही पायथन आत तेच करतो. म्हणजे

@वेळ_मोज
डेफ काटा_वाच(पोर्ट):
    ...

याचा अर्थ एवढाच:

डेफ काटा_वाच(पोर्ट):
    ...
काटा_वाच = वेळ_मोज(काटा_वाच)

डेकोरेटर बिघडला की मी पहिल्यांदा ही शेवटची ओळ कागदावर लिहायला लावते. संगणकावर नाही, कागदावरच. मग दोन प्रश्न विचारते. ही ओळ चालून गेल्यावर ‘काटा_वाच’ हे नाव कशाकडे बोट दाखवतंय? आणि ही ओळ कधी चालली, फाइल लोड होताना की काटा वाचताना?

आजवर आमच्याकडे डेकोरेटरच्या ज्या चुका झाल्या, त्या जवळजवळ सगळ्या या दोन प्रश्नांत सापडल्या. पहिल्याचं उत्तर: वेळ_मोजने जे परत दिलं त्याच्याकडे. मूळ फंक्शन आता आत गेलं, बाहेरच्या जगाला दिसतो तो रॅपर, म्हणजे गुंडाळणारं फंक्शन. दुसऱ्याचं उत्तर: फाइल लोड होताना, एकदाच.

आता हे समोर ठेवून लक्षणं बघू.

‘नन-टाइप ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’

डेकोरेटरच्या शेवटी ‘रिटर्न रॅपर’ लिहायचं राहिलं. वेळ_मोज(काटा_वाच) ने काहीच परत दिलं नाही, म्हणजे नन दिलं, आणि काटा_वाच हे नाव त्या ननकडे बोट दाखवू लागलं. ही चूक बरी, कारण ती पहिल्याच कॉलला ओरडते.

हिचीच बहीण जास्त त्रास देते: ‘रिटर्न रॅपर()’. कंसांची जोडी जास्त पडली. मग फाइल लोड होतानाच रॅपर चालतो. आतलं फंक्शन आर्ग्युमेंट न घेणारं असेल तर त्याचं उत्तर त्या नावाला चिकटून बसतं; काटा_वाचसारखं पोर्ट मागणारं असेल तर आर्ग्युमेंट मिळालं नाही असा एरर तिथेच येतो. कोणी काही कॉल न करता फंक्शन चालायचा प्रयत्न झाला, तर इथेच बघा.

फंक्शन चालतं, पण उत्तर नन येतं

रॅपरच्या आत मूळ फंक्शन कॉल केलं, पण त्याचं उत्तर परत दिलं नाही. आतल्या फंक्शनने वजन बरोबर आणलं, रॅपरने ते हातात घेतलं आणि तिथेच ठेवलं. वजन प्रिंट करून बघितलं तर पडद्यावर बरोबर दिसतं, डेटाबेसमध्ये मात्र रिकामं जातं. त्यामुळे सगळा संशय डेटाबेसवर जातो आणि अर्धा दिवस भलत्याच जागी खर्च होतो.

वेळ मोजणारा आमचा डेकोरेटर आता असा आहे:

इंपोर्ट फंक्टूल्स
इंपोर्ट टाइम

डेफ वेळ_मोज(फंक्शन):
    @फंक्टूल्स.रॅप्स(फंक्शन)
    डेफ रॅपर(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
        सुरुवात = टाइम.परफ_काउंटर()
        ट्राय:
            रिटर्न फंक्शन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
        फायनली:
            प्रिंट(फंक्शन.__नेम__, टाइम.परफ_काउंटर() - सुरुवात)
    रिटर्न रॅपर

दोन रिटर्न आहेत, ते मोजा. आतला उत्तरासाठी, बाहेरचा रॅपरसाठी. ‘फायनली’मुळे फंक्शन मध्येच फुटलं तरी वेळेची नोंद होते, आणि एरर न गिळता वर जातो. एक तारा आणि दोन तारे यांनी जे काही आर्ग्युमेंट येईल ते तसंच्या तसं आत पोचतं. ते नसले तर ‘टेक्स ० पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट १ वॉज गिव्हन’ हा एरर येतो. मुलं तो वाचून काटा_वाचमध्ये आर्ग्युमेंट मोजत बसतात. मोजायचे असतात रॅपरचे.

नाव हरवणं: हे खरं जुनं दुखणं

फाउंड्रीत ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो. माल ग्राहकाकडे गेल्यावर दोन महिन्यांनी एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतली पोकळी) निघाला, तर त्या नंबरावरून कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतून, कुठल्या मिश्रणाचा तो धातू होता हे शोधता येतं. नंबर नसलेलं कास्टिंग धातू म्हणून तेच असतं, पण त्याची विचारपूस कुठे करायची हे कोणालाच सांगता येत नाही.

‘रॅप्स’ मूळ फंक्शनची ओळख रॅपरवर उतरवतं; ते न लावलेला डेकोरेटर हेच करतो. काम होतं, पण फंक्शनचं नाव, त्याची डॉकस्ट्रिंग (आत लिहिलेलं वर्णन), मॉड्यूल, सगळं जाऊन जागी ‘रॅपर’ येतं.

आमच्यावर हे एका रात्रपाळीत आलं. एका फाउंड्रीतून फोन आला की काट्याच्या स्क्रीनवर गाडी अडकतेय, ड्रायव्हर खाली उतरून उभे आहेत. मी लॉग उघडला. एकाखाली एक ओळी:

रॅपर ०.०२
रॅपर ०.०१
रॅपर ४१.३०
रॅपर ०.०२

एक्केचाळीस सेकंद कोणी घेतले? वेळ_मोज लावलेली फंक्शनं त्या वेळी अकरा होती. बाहेर पाऊस, तिकडे गाड्यांची रांग, आणि मी एकेका फंक्शनमध्ये हाताने प्रिंट टाकत बसले होते.

गंमत म्हणजे वेळ_मोज बरोबरच होता, तो फंक्शनचं नावच छापत होता. पण त्याच्या खाली दुसरा डेकोरेटर होता, पोर्ट न सापडल्यास पुन्हा प्रयत्न करणारा, आणि त्यात रॅप्स नव्हतं. डेकोरेटर खालून वर लागतात. आधी खालच्याने काटा_वाचला गुंडाळून आपला रॅपर पुढे केला, मग वेळ_मोजला जे फंक्शन मिळालं त्याचं नावच ‘रॅपर’ होतं. त्याने इमानदारीने तेच छापलं. तेव्हापासून नाव हरवलं की दोष दिसतो त्या डेकोरेटरवर न थांबता त्याच्या खालचे सगळे तपासायचे, हे आमच्याकडे ठरलेलं आहे.

फंक्टूल्समधलं रॅप्स २००६ पासून, पायथन २.५ पासून आहे. ते न लावायला आज काहीही कारण नाही. पायथन ३.२ पासून ते आणखी एक उपकार करतं: मूळ फंक्शन रॅपरच्या __रॅप्ड__ या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवतं. त्यामुळे काटा_वाच.__रॅप्ड__ लिहून डेकोरेटरशिवायचं फंक्शन थेट चालवून बघता येतं. चूक आत आहे की गुंडाळणीत, हे ठरवायचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही. थर अनेक असतील तर इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं अनरॅप सगळे सोलून देतं, अर्थात मधल्या प्रत्येक थराने रॅप्स लावलं असेल तरच.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. रॅप्स लावल्यावरही ट्रेसबॅकमध्ये (एरर आल्यावर छापल्या जाणाऱ्या कॉलच्या यादीत) ‘रॅपर’ दिसत राहतो, कारण ट्रेसबॅक नाव घेतो कोड ऑब्जेक्टवरून आणि रॅप्स त्याला हात लावत नाही. ते बघून रॅप्स काम करत नाही असं समजू नका. दुसरं, इन्स्पेक्टमधलं सिग्नेचर __रॅप्ड__ च्या मागे जाऊन मूळ फंक्शनची आर्ग्युमेंट दाखवतं. रॅपर प्रत्यक्षात एकच आर्ग्युमेंट घेत असला तरी दाखवताना तीन दिसतील. म्हणून हेल्प() ने दाखवलेलं बघून समाधान मानू नका, कॉल करून बघा.

वेब पान: एक चालतं, दुसरं जोडलं की बंद

फ्लास्क ही पायथनमध्ये वेब पानं करायची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे नेहमी भेटतं. लॉगिन तपासणारा डेकोरेटर लिहिला, पहिल्या पानाला लावला, छान चाललं. दुसऱ्या पानाला लावला आणि ॲप सुरूच होईना: ‘व्ह्यू फंक्शन मॅपिंग इज ओव्हररायटिंग ॲन एक्झिस्टिंग एंडपॉइंट फंक्शन’. फ्लास्क पानाची नोंद फंक्शनच्या नावाने करतो. रॅप्स नसल्याने दोन्ही पानांचं नाव ‘रॅपर’, मग दुसऱ्याला जागा मिळत नाही. काल चाललं आणि आज बंद पडलं, त्याचं कारण काल एकच पान होतं. पुष्कळ जण यावर एंडपॉइंटला, म्हणजे पानाच्या त्या नोंदीला, हाताने वेगळं नाव देऊन वेळ मारून नेतात. तसं करू नका, रॅप्स लावा.

पण याहून गंभीर चूक अशी आहे जिथे काहीच एरर येत नाही:

@लॉगिन_हवं
@ॲप.रूट("/रिजेक्शन")
डेफ रिजेक्शन_अहवाल():
    ...

दिसायला ठीक. वर पहारेकरी, आत पान. आता कागदावर उलगडा. खालचा आधी लागतो: ॲप.रूटने उघडं फंक्शन पत्त्याशी नोंदवलं आणि तेच फंक्शन परत दिलं. त्यानंतर लॉगिन_हवंने त्याला गुंडाळलं आणि रिजेक्शन_अहवाल हे नाव रॅपरकडे वळवलं. पण फ्लास्कच्या नोंदवहीत गेलं ते उघडं फंक्शन. ब्राउझरमधून येणारी प्रत्येक विनंती नोंदवहीतून जाते, लॉगिनची तपासणी कधी होतच नाही.

आमच्याकडे हे चाचणीच्या सर्व्हरवर सापडलं, एका मुलाने घरी गेल्यावर मोबाइलवरून सहज लिंक उघडली तेव्हा. लॉगिन न करता ग्राहकाच्या रिजेक्शनचे सगळे आकडे समोर. ज्या फाउंड्रीचे ते आकडे होते तिथे कोणता पार्ट किती टक्के परत येतो ही घरातली गोष्ट असते, ती बाहेर जाता कामा नये. मला त्या रात्री झोप लागली नाही. रूट नेहमी सगळ्यात वर, बाकी सगळं त्याच्या खाली. आणि दर पानासाठी लॉगिनशिवाय विनंती पाठवून नकार येतो का, ही चाचणी लिहिलेली हवी. डोळ्यांनी क्रम तपासून भागत नाही.

कंस विसरले

पावसाळ्यात आमच्या ऑफिसात कामापेक्षा पंचगंगेच्या पातळीवर जास्त लक्ष असतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून आर्ग्युमेंट घेणारा डेकोरेटर मी यावरूनच समजावते. @पातळी(३९) आणि @पातळी(४३): काम एकच, आकडा वेगळा. त्यासाठी तीन मजले लागतात. सगळ्यात वरचा आकडा घेतो, मधला फंक्शन घेतो, खालचा प्रत्यक्ष मोजलेली पातळी घेतो. कंस असलेली ओळ आधी चालते, तिच्यातून डेकोरेटर बाहेर येतो, मग तो फंक्शनला लागतो.

पुन्हा प्रयत्न करणारा आमचा डेकोरेटर तसाच आहे:

डेफ पुन्हा_प्रयत्न(वेळा=३, थांबा=१):
    डेफ डेकोरेटर(फंक्शन):
        @फंक्टूल्स.रॅप्स(फंक्शन)
        डेफ रॅपर(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
            फॉर क्रमांक इन रेंज(१, वेळा + १):
                ट्राय:
                    रिटर्न फंक्शन(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
                एक्सेप्ट ओएसएरर:
                    इफ क्रमांक == वेळा:
                        रेझ
                    टाइम.स्लीप(थांबा)
        रिटर्न रॅपर
    रिटर्न डेकोरेटर

वेळा आणि थांबा दोन्हींना आधीच किंमत दिलेली आहे, म्हणून मुलांना वाटतं कंस नसले तरी चालेल, आणि ती नुसतं @पुन्हा_प्रयत्न लिहितात. उलगडा: काटा_वाच = पुन्हा_प्रयत्न(काटा_वाच). म्हणजे फंक्शन जाऊन बसलं ‘वेळा’च्या जागी, आणि काटा_वाच हे नाव आता मधल्या मजल्याकडे बोट दाखवतंय.

आता आर्ग्युमेंट न देता कॉल केला तर पायथन तक्रार करतो की ‘फंक्शन’ नावाचं आर्ग्युमेंट मिळालं नाही. पण आमचं काटा_वाच एक आर्ग्युमेंट घेतं, पोर्ट. मग काटा_वाच("पोर्ट१") ला काहीच एरर येत नाही! मधला मजला ते पोर्टचं नाव फंक्शन समजून घेतो आणि एक रॅपर परत देतो. ‘वजन’ या व्हेरिएबलमध्ये वजनाऐवजी फंक्शन. बोंब होते ती पाच ओळी पुढे, वजनाची तुलना आकड्याशी करताना, की फंक्शन आणि इंट यांच्यात ‘मोठं’ हे चिन्ह चालत नाही. हा एरर दिसला की तुलनेची ओळ सोडा आणि मागे जाऊन कंस बघा.

याच कोडमधला ‘रेझ’ काढू नका. तो नसेल तर तिन्ही प्रयत्न फसल्यावर लूप संपतो आणि रॅपर गुपचूप नन देतो. एक्सेप्टपुढे कुठला एरर हेही लिहिलेलं हवं. सगळेच एरर पकडले तर स्पेलिंगची चूकसुद्धा तीन वेळा नेटाने करून बघितली जाते.

प्रत्येक गाडीचं वजन सारखंच

फंक्टूल्समधला कॅश हा डेकोरेटर, पायथन ३.९ पासूनचा, एकदा आलेलं उत्तर लक्षात ठेवतो. कराचा दर किंवा पार्टचं प्रमाणित वजन काढायला उत्तम. तोच एकाने काटा_वाचला लावला, स्क्रीन जलद व्हावी म्हणून. पोर्ट तेच, म्हणजे आर्ग्युमेंट तेच, म्हणजे उत्तर तेच: पहिल्या गाडीचं वजन दुसरीलाही आणि तिसरीलाही. ज्या फंक्शनचं उत्तर बाहेरच्या जगावर अवलंबून आहे त्याला कॅश लावायचा नाही. त्याला लिस्ट दिली तर ‘अनहॅशेबल टाइप’ म्हणून तो अडतो, तिथे टपल द्या.

असिंकमध्ये वेळ शून्य येते

असिंक फंक्शनला (‘असिंक डेफ’ने लिहिलेलं, वाट बघताना दुसरं काम होऊ देणारं) वर दिलेला वेळ_मोज लावला तर वेळ जवळपास शून्य छापली जाते. असिंक फंक्शन कॉल केल्यावर काम सुरूच होत नाही, फक्त कोरुटीन, म्हणजे नंतर चालवायचं काम, हातात येतं. काम होतं ते अवेट केल्यावर, आणि तोवर आपला रॅपर नोंद करून निघून गेलेला असतो. पुन्हा_प्रयत्नचंही तेच, एरर अवेटमध्ये येतो आणि ट्राय केव्हाच संपलेला असतो. यासाठी रॅपरही असिंक डेफने लिहावा लागतो आणि आत ‘रिटर्न अवेट फंक्शन(...)’ करावं लागतं. दोन्ही प्रकारांना एकच डेकोरेटर हवा असेल तर इन्स्पेक्टमधल्या इजकोरुटीनफंक्शनने लावतानाच तपासा आणि त्याप्रमाणे रॅपर निवडा. यील्ड असलेल्या, एकेक उत्तर देत जाणाऱ्या जनरेटरलाही हाच नियम: मोजला जातो तो जनरेटर तयार व्हायचा वेळ, त्यातून माल बाहेर पडायचा नव्हे.

क्लासने लिहिलेला डेकोरेटर मेथडवर लावला

‘सेल्फ’ मिळत नाही अशी तक्रार येते. साधं फंक्शन क्लासमध्ये ठेवलं की पायथन त्याला ऑब्जेक्टशी जोडून देतो. __कॉल__ असलेल्या आपल्या ऑब्जेक्टसाठी तो ते करत नाही. __गेट__ लिहून ते जमतं, पण मी तरी मेथडसाठी डेकोरेटर फंक्शननेच लिहिते.

शोधायचा क्रम

लक्षण यातल्या कशाशीच जुळलं नाही तर मी असं करते. आधी प्रिंट(काटा_वाच). फंक्शन दिसतंय, नन दिसतंय की तिसरंच काही? मग काटा_वाच.__नेम__. मग काटा_वाच.__रॅप्ड__ थेट कॉल करून उत्तर बघते. ते बरोबर आलं की सगळे डेकोरेटर कॉमेंट करते आणि खालून वर एकेक उघडत जाते, दर वेळी तोच एक कॉल पुन्हा करून. वरून खाली नाही, कारण वरच्याला काय मिळतं ते खालचा ठरवतो. त्या रात्री शिरोलीच्या काट्यावर हे केलं असतं तर लवकर समजलं असतं की पुन्हा_प्रयत्न एका काढून टाकलेल्या पोर्टवर परत परत थांबत होता. पोर्टचं नाव बदललं, स्क्रीन मोकळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणून सगळ्या डेकोरेटरना रॅप्स लावलं.